तेयोची 'जाडी' आणि दोन्या आविल्दाचं छप्पर

वादळानंतर सहाव्या दिवशी पापो रोसादोचा जनरेटर चोरीला गेला आणि तो गेलाय हे पापोला दोन तास कळलंच नाही. चोर समजूतदार होते. त्यांनी जनरेटर उचलला आणि त्याच्या जागी पापोचंच गवत कापायचं मशीन चालू करून ठेवलं. घरातला पंखा थांबला तेव्हा पापोच्या बायकोला वाटलं, वायर सैल झाली असेल. बाहेर इंजिन घरघरतंय म्हटल्यावर काळजी कसली? पेट्रोल घालायला म्हणून पापो मागे गेला, तेव्हा ते मशीन रिकाम्या जागेवर एकटंच थरथरत उभं होतं.

केब्रादा ओंदाच्या डोंगरवस्तीत त्या दिवशी लोक वादळानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले. हसून झाल्यावर प्रत्येकजण गुपचूप घरी गेला आणि आपापला जनरेटर साखळीने बांधून आला.

एलेउतेरियो माल्दोनादो, म्हणजे सगळ्यांचा तेयो, हसला नाही. त्याला ही गोष्ट स्वतःच्या घरात मरण शिरल्यासारखी लागली, आणि त्याला कारणही तसंच होतं.

तेयो वस्तीतला इंजिनांचा वैद्य. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली त्याचं दुकान. एकतीस वर्षं त्याने पाण्याचे पंप, लाकडं कापायच्या करवती आणि जनरेटर खोलले, फुंकले, पुसले आणि पुन्हा जोडले. पाच वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात डोंगरावर आठ महिने वीज नव्हती, तेव्हा चाळीस घरांचे जनरेटर या एका माणसाने जिवंत ठेवले होते. तेव्हापासून लोक त्याला 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद, म्हणत आणि तो ते ऐकू न आल्यासारखं करून दुसऱ्यांदा म्हणायला लावी. अर्थात इंजिनांशेजारी एकतीस वर्षं काढल्यावर त्याला खरोखरही कमीच ऐकू यायचं. कुठलं सोंग आणि कुठलं खरं, हे त्याच्या बायकोलाच काय ते ठाऊक.

बायको निल्सा. बावीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात तिने कापसाचा भुगा गिळला आणि सुट्टीत जिन्यावर बसून सिगारेटी ओढल्या. यातलं फुप्फुसाला नक्की काय बाधलं, यावर डॉक्टरांनी वाद घातला नाही. चार वर्षांपासून तिच्या पलंगाशेजारी छोट्या पेटीएवढं एक मशीन होतं. ते हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने तिच्या नाकात सोडायचं. रात्रंदिवस. वीज असेपर्यंत. म्हणून तेयोच्या दृष्टीने वीज म्हणजे दिवे नव्हते की फ्रिज नव्हता. वीज म्हणजे निल्सा.

आणि वीज नसली की त्याची जागा 'जाडी'ने घ्यायची. जाडी म्हणजे तेयोचा स्वतःचा जनरेटर: लाल रंग, दोन चाकं, सुरू करताना खांदा निखळेल अशी दोरी. भूकही नावाला शोभेशी. दिवसाला दहा गॅलन पेट्रोल. वादळानंतर रोज पहाटे तेयो डबे घेऊन खाली पंपावर जायचा, चार-पाच तास रांगेत उभा राहायचा, माणशी दहा गॅलन मिळायचे ते आणायचा आणि जाडीच्या पोटात घालायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेजारच्या घरात हे काहीच नव्हतं. तिथे आविल्दा राहायची, सगळ्यांची 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब. गावातल्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली, एकाहत्तर वर्षांची, एका गुडघ्याने लंगडणारी आणि कुणालाही दोनदा न विचारणारी बाई. तिच्या छपरावर आठ सोलर पॅनल होते आणि आतल्या भिंतीवर एक मोठी बॅटरी. वादळानंतर पहिल्याच सकाळी अख्ख्या डोंगरावर फक्त तिच्या स्वयंपाकघरात कॉफीचं यंत्र गुरगुरलं. दुपारपर्यंत तिच्या फाटकातून शेजाऱ्यांच्या तीन वायरी बाहेर पडल्या होत्या. एक कुणाच्या इन्सुलिनच्या फ्रिजला, एक वस्तीभरच्या फोनना, आणि एक पापोच्या टीव्हीला, ती मात्र आविल्दाने दिसताक्षणी उपटली.

तेयोच्या घराकडे वायर गेली नाही, कारण तेयोने मागितली नाही.

त्यांचं भांडण झाडावरून होतं. पॅनलवर सावली पडते म्हणून आविल्दाने तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगणातलं अव्होकाडोचं झाड तोडलं. झाड तिचं होतं हे खरं. पण अर्ध्या फांद्या कुंपणावरून तेयोच्या बाजूला होत्या आणि वीस वर्षं पडलेलं प्रत्येक फळ तेयोने आपलं मानलं होतं. शिवाय तिने एकदा सांगितलं होतं, "माएस्त्रो, तुमच्या जनरेटरचा धूर थेट माझ्या झोपायच्या खोलीत येतो. तेवढं तोंड फिरवा." तेयोने बरोबर एक वीत फिरवलं होतं. आणि तिच्या छपराकडे बोट दाखवून म्हणाला होता, "काच आहे ती. कोंबड्यांना ऊन लागू नये म्हणून बरी." बायकांचं बोलणं कुंपणावरून चालूच होतं. भांडण तेयोचं एकट्याचं होतं आणि तो ते मन लावून करत होता.

तर पापोची चोरी झाली त्या दिवशी संध्याकाळी तेयोने जाडीला मागच्या अंगणातून ढकलत घराच्या पुढे आणलं. पुढे गाडी लावायची पडवी होती, इथल्या प्रत्येक घराला असते तशी: वर सिमेंटचं छप्पर, समोर आणि बाजूला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. त्याने जाडीला जाळीच्या गजाला साखळीने बांधलं. पाऊस तिरपा येत होता म्हणून जाळीवर निळी ताडपत्री टांगली. आधी समोरच्या बाजूला. मग वारा फिरला तशी दुसऱ्या बाजूलाही.

जनरेटर घरात लावायचा नाही, धूर माणसाला कळू न देता मारतो, हे तेयोने चाळीस घरांना चाळीस वेळा सांगितलं होतं. त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याने मनाशी वाद घातला आणि जिंकला. पडवी म्हणजे काही घर नाही. पडवीला भिंत कुठे आहे? जाळी आहे. ताडपत्री खाली हातभर उघडीच आहे. आणि पडवीतून आत उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी त्याने स्वतः ओढून लावलीय. ती खिडकी इथल्या सगळ्या खिडक्यांसारखी पत्र्याच्या पट्ट्यांची होती. अशा खिडक्या बांधल्या दिवसापासून नीट मिटत नाहीत, हे तो वादात आणायचं विसरला.

सकाळी निल्सा उठली ती कपाळ धरूनच.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

"माझंही दुखतंय. जाडी आता उशाशी आलीय ना, आवाज आहे तो." तेयोने तिच्या बोटाला ती छोटी चिमटी लावली. रक्तात प्राणवायू किती, ते ती सांगायची. रोज सकाळी कॉफीच्या आधी हे काम. एकोणनव्वद, नव्वद, चांगला दिवस असला तर एक्याण्णव. त्याने आकडा बघितला, चिमटी काढली, स्वतःच्या शर्टाला पुसली आणि पुन्हा लावली.

"सत्त्याण्णव!"

"काय?"

"सत्त्याण्णव, म्हातारे! कारखान्यात होतीस तेव्हाही नसतील इतके. जाडीची वीज मानवली तुला."

"मग डोक्यात हातोडी कोण मारतंय?"

"तुझी बहीण आठवली असेल."

निल्साला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. तिने कॉफीचा कप तोंडाला लावला आणि बाजूला ठेवला. थोड्या वेळाने ओकली. तेयोने पुसलं, पाणी दिलं आणि पुन्हा चिमटी लावली. अठ्ठ्याण्णव. आकडा पाहून त्याला बरं वाटलं. ओकारी म्हणजे डब्यातली सॉसेजं. सहा दिवस माणूस डब्यातलंच खातोय, दुसरं काय होणार.

पंपावर जायचं राहिलंच होतं. पहाटे खालच्या वळणावर दरड कोसळली आणि रस्ता चिखलाखाली गेला, असं पापो सांगून गेला होता. जाडीच्या टाकीत थोडं आणि डब्यात दोन गॅलन, एवढंच उरलं होतं. तेयो टाकी बघायला पडवीत गेला. झाकण उघडायला वाकला आणि उठताना त्याचे पाय लटपटले. गजाला धरून तो क्षणभर उभा राहिला. वय झालं, असं त्याने ठरवलं.

आत आला तर निल्सा पलंगाच्या कडेला बसून पायाने काहीतरी चाचपत होती.

"काय शोधतेस?"

"बूट. बस निघून जाईल, रामोन."

रामोन तिचा भाऊ. जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि कारखान्याची बस बंद होऊन पंधरा.

तेयोने तिला आडवं केलं, मशीनचा प्रवाह एका खुणेने वाढवला, चिमटी पाहिली. अठ्ठ्याण्णवच. आकडा इतका चांगला होता की त्याचा दुसऱ्या कशावर विश्वास बसेना; आणि निल्सा अशी होती की त्या आकड्यावरही बसेना. शेवटी त्याने तीन वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पावसात कुंपण ओलांडून आविल्दाच्या दारात उभा राहिला. तेसुद्धा मदत मागायला नाही. इतकं त्याने स्वतःला बजावलं होतं.

"दोन्या आविल्दा, ओकारीवर एखादी गोळी आहे का?"

आविल्दा दारात चष्मा वर करून त्याच्याकडे पाहत राहिली. "कुणाला?"

"निल्साला. बाकी ठीक आहे. उत्तम आहे. आज अठ्ठ्याण्णव आहेत तिचे." शेवटचं वाक्य त्याने कुंपणावरून फेकल्यासारखं म्हटलं.

"किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"निल्साचे? माएस्त्रो, चार वर्षांत मी तिचे एक्याण्णवच्या वर पाहिले नाहीत." आविल्दाचा आवाज एकदम खाली आला. "डोकं दुखतंय म्हणाली का?"

"दोघांचंही. आवाजाने."

"काही भलतं बोलतेय?"

तेयोने होकारार्थी मान हलवली.

"जनरेटर कुठे ठेवलाय?"

तेयोने मान वळवून आपल्या पडवीकडे, त्या निळ्या ताडपत्रीकडे पाहिलं, आणि ते पाहताना त्याला ते सगळं दुसऱ्या कुणाच्या घरात असल्यासारखं लख्ख दिसलं.

आविल्दा धावली. एकाहत्तर वर्षांची, एका गुडघ्याची बाई धावली, आणि तेयो तिच्या मागे.

"ती चिमटी फक्त रक्ताची लाली बघते!" ती धावता धावता ओरडत होती. "प्राणवायूने रक्त लाल होतं तसं धुरानेही होतं! तिला काय कळतंय, लाली कशाची आहे ते! तो पहिला बंद करा! बंद करा तो!"

तेयोने जाडीचं बटण दाबलं. घरघर थांबली. आत मशीनही थांबलं आणि निल्साच्या नाकातली हवाही. आता दर मिनिट महाग होतं. आविल्दाने दारात पाऊल टाकताच नाक दाबलं. तेयोला वास आला नाही, त्याच्या नाकाला त्या वासाशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. दोघांनी निल्साला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून पावसातून शेजारी नेली. ती वाटेत म्हणत होती, "रामोन, हळू, झगा नवा आहे," की असंच काही; पावसात नीट कळलं नाही. तेयो पुन्हा धावत जाऊन मशीन उचलून घेऊन आला. ते वीस किलोचं मशीन त्याने कसं आणलं, हे त्याला नंतरही आठवलं नाही.

आविल्दाच्या बैठकीच्या खोलीत निल्साला कोचावर आडवं केलं, सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या. मशीन लावलं, प्रवाह पूर्ण केला. फुस्स, फुस्स, फुस्स.

"हेच औषध आहे तिला," आविल्दा म्हणाली. "प्राणवायू मिळत राहिला तर धूर रक्तातून निघतो. तासन्‌तास लागतात. मशीन थांबता कामा नये. कळलं? थांबता कामा नये." मग ती भिंतीवरच्या बॅटरीपाशी गेली आणि चष्मा वर करून तिथला आकडा वाचायला वाकली.

"किती आहे?"

"चौदा टक्के."

चार दिवस ढग होते. त्या ढगातून पॅनल जे काही गाळून देत होते ते इन्सुलिनचा फ्रिज आणि वस्तीचे फोन खात होते. आविल्दाने सगळ्या वायरी उपटल्या, स्वतःचा फ्रिज बंद केला. "दहावर आला की हा आपणहून बंद पडतो. आत्ता छपरावरून येतंय ते मशीनला लागतं त्याच्या निम्मंसुद्धा नाही."

"म्हणजे किती वेळ?"

"दीड तास. दोन, फार तर."

पापोला पळत खाली पाठवलं होतं. तो चिखलाने माखून परत आला. दरडीपलीकडे अग्निशमनवाले आहेत, रस्ता उद्या मोकळा होईल. पण प्राणवायूचा सिलिंडर खांद्यावर घेऊन डोंगरातल्या पायवाटेने दोघं निघतायत. संध्याकाळ होईल. चिखल किती आहे त्यावर, कदाचित उशीरही.

तेव्हा अकरा वाजले होते.

"मी जाडीला अंगणाच्या टोकाला लावतो," तेयो म्हणाला. "घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. लांब वायर टाकतो आणि मशीन थेट त्यावर."

"पेट्रोल?"

"टाकीतलं धरून दोन-सव्वादोन गॅलन."

"किती वेळ?"

"पाच तास."

आविल्दाने हिशेब तोंडाने केला नाही, पण तो तिच्या तोंडावर दिसला. पाच तास म्हणजे चार वाजता. आणि पायवाट घसरली, माणसं अडकली, तर?

तेयो ओल्या कपड्यात उभा होता. त्याचंही डोकं ठणकत होतं. त्या ठणक्यातून एक गोष्ट वर येत होती, जी तो एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता आणि स्वतः कधी पाळली नव्हती. जनरेटरला एक दिवा लावा की चार फ्रिज, स्वतःला फिरवत ठेवायलाच तो बहुतेक पेट्रोल पितो. निल्साचं मशीन म्हणजे जाडीपुढे माशी. पाच तास जाडी गरगरणार, आणि त्यातलं मशीनपर्यंत चमचाभर पोचणार.

"दोन्या," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याने दात काढून दिल्यासारखे दिले, "तुमच्या बॅटरीला बाहेरून भरता येतं का?"

"त्या बसवणाऱ्या पोराने खाली एक सॉकेट दिलंय. म्हणाला, जनरेटर असेल तर जोडा. मी म्हटलं, कुणाचा जोडू?"

"जाडीला पूर्ण ताकदीने राबवलं तर तीन तासांत पेट्रोल संपेल. पण ती सगळी वीज बॅटरीत जाईल. मग मशीन किती चालेल?"

आविल्दाने या वेळी हिशेब बोलून दाखवला. "उद्या सकाळपर्यंत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तेयो जाडी आणायला गेला.

तोडलेल्या झाडाच्या बुंध्यापलीकडे, अंगणाच्या उताराला त्याने तिला उभं केलं, वर पत्रा तिरका टाकला, धुराचं तोंड दरीकडे केलं. वायर जोडली. दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला जाडी खोकून उठली. आत बॅटरीजवळच्या पडद्यापाशी आविल्दा उभी होती आणि खिडकीतून ओरडून आकडे सांगत होती.

"सत्तावन्न! साठ हवेत म्हणतंय!"

ते भिंतीवरचं नाजूक प्रकरण जाडीसारख्या बाईच्या हातचं सहजासहजी खाणार नव्हतं. वीज सेकंदाला साठ ठोक्यांनी आली पाहिजे, थोडी कमी नाही, थोडी जास्त नाही, आणि एक मिनिट सलग. तरच ते तोंड उघडणार. तेयोने वेगाचा स्क्रू पिळला.

"एकोणसाठ... साठ! साठ आहे! मोजायला लागलं! साठ सेकंद... पन्नास..."

तेयोने स्क्रूवरचा हात हलू दिला नाही.

"वीस... दहा... घेतलं! घेतलं!"

आणि जाडी वाकली. एकदम सगळा भार अंगावर आला तशी ती घशातून ओरडली, वेग पडला, आतून टक्‌ असा आवाज आला.

"सोडलं! छप्पन्न झालं आणि सोडलं त्याने!"

"कमी खायला सांगा त्याला!"

"कसं सांगू? तो काय जेवायला बसलाय?"

"पुस्तक असेल त्याचं! त्यात बघा!"

आविल्दा पुस्तक शोधायला गेली. तेयोने झाकण काढलं आणि आत पाहून शिवी हासडली. भार आल्यावर वेग धरून ठेवणारी स्प्रिंग ताणून ताणून लुळी झाली होती. गेल्या वर्षी त्यानेच ती बसवली होती, एका गवताच्या मशीनमधून काढून. गिऱ्हाइकाच्या इंजिनात कुणी असलं केलं असतं तर त्याने त्या माणसाचं नाव वस्तीभर काढलं असतं.

"बारा टक्के!" खिडकीतून आवाज आला. मग: "सापडलं! निम्मं करू?"

"पाऊण करा! निम्म्याने पुरणार नाही!"

त्याने अंगठा वेगाच्या दांडीखाली घातला. लुळ्या स्प्रिंगच्या जागी आता त्याचा अंगठा होता. इंजिनाचा सूर कानावर पडताच त्याचे डोळे मिटले. ऐकू कमी यायचं त्याला, पण हा सूर त्याला कानाने नाही, हाडाने कळायचा.

"एकसष्ट! जास्त होतंय!"

"होऊ दे! भार आला की बसेल!"

"मोजतंय... चाळीस... तीस... अकरा टक्के झालेत, माएस्त्रो!"

"आकडे सांगा! बॅटरीचं नको!"

"दहा सेकंद! घेतलं!"

जाडी वाकली. तेयोने अंगठा वर दाबला, हळू, तिच्या ओरडण्याच्या बरोबरीने. ती दोनदा गडगडली, एकदा विझायला आली, आणि मग खोल, जड, एकसारख्या सुरात लागली.

"धरलं," आविल्दा म्हणाली. ती ओरडली नाही, तरी त्याला ऐकू आलं. "साठ. चढतंय, माएस्त्रो."

पण अंगठा काढता येईना. काढला की सूर घसरायचा. तार बांधून पाहिली, तर भार हलला की तार चुकायची. शेवटी तेयो वाऱ्याच्या वरच्या बाजूने एका पालथ्या बादलीवर बसला, पत्र्याखाली हात घातला आणि अंगठा दांडीखाली ठेवून बसून राहिला. पाऊस मानेतून आत जाऊन पाठीवरून उतरत होता. दर थोड्या वेळाने आविल्दा येऊन त्याचं तोंड स्वतःकडे वळवून डोळे बघून जायची.

"तुम्हालाही धूर लागलाय. पापोला बसवा इथे."

"पापोचा जनरेटर गवताच्या मशीनने बदलला तरी त्याला कळलं नाही. त्याला बसवू?"

"मग हे खा." तिने त्याच्या तोंडात बिस्किट घातलं, कारण त्याचा दुसरा हातही चिखलाचा होता. बिस्किट चावून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"ती काय म्हणतेय?"

"झोपलीय. रामोन गेला. आता मला विचारत होती, तू कुठे गेलास म्हणून."

तेयोने मान खाली घातली. अंगठ्याची जाणीव कधीच गेली होती. निल्सा झोपलीय म्हणजे नक्की काय, हे विचारायचं होतं. पण उत्तर नको होतं. तो इंजिनाचा सूर ऐकत राहिला. पंचवीस, आविल्दा खिडकीतून सांगायची. चाळीस. पंचावन्न. आकड्यांच्या मधल्या शांततेत तो फक्त एवढंच बघायचा, की ती खिडकीत आली ती चालत आली की धावत.

दोनच्या सुमाराला जाडी एकदा शिंकली, दुसऱ्यांदा शिंकली आणि थांबली. टाकी कोरडी.

"त्र्याऐंशी!" आविल्दा म्हणाली.

तेयोने अंगठा सोडवला. तो सरळ होईना, तसाच वाकडा घेऊन तो घरात गेला. दारात आविल्दाने त्याच्या अंगावर टॉवेल फेकला. आभार मानायला त्याने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "तो वायरचा सांधा नंतर नीट करून देतो. पोराने फालतू केलाय."

"करा," ती म्हणाली.

निल्सा जागी होती. चेहरा पांढरा, ओठ कोरडे, पण डोळे तिचेच होते.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "मला मारायला निघाला होतास?"

तेयो कोचाजवळ जमिनीवरच बसला, कारण कपड्यांतून पाणी गळत होतं.

"बोल की."

"हो," तो म्हणाला. "जवळजवळ."

तिने हात खाली सोडला, तो त्याच्या ओल्या डोक्यावर टेकला आणि तिथेच राहिला. जाडी बंद होती. मागच्या अंगणातलं दुकान बंद होतं. डोंगरावर कुठे करवत नव्हती, पंप नव्हता. सगळ्यांचंच पेट्रोल दरडीपलीकडे अडकलं होतं. खोलीत फक्त मशीनचं फुस्स, फुस्स. आणि त्या दोन फुस्समध्ये, श्वास बाहेर पडता पडता, बारीक, सुताएवढी एक शिटी.

तेयोने कान पुढे केला. पुन्हा आली.

"हे काय वाजतंय?"

"मी," निल्सा म्हणाली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. सांगितलं होतं तुला."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालास, काय? मी पुन्हा सांगितलं. पुन्हा म्हणालास, काय? मग दोरी ओढलीस कुणाच्या तरी पंपाची."

आविल्दा स्वयंपाकघरात भांडं उगाच दोनदा धुऊन घेत होती.

पाच वाजता फाटकाशी बूट आपटल्याचे आवाज आले. चिखलाने कमरेपर्यंत माखलेले दोघं आत आले, एकाच्या पाठीवर सिलिंडर. पुढच्या पोराने निल्साच्या छातीवर आणि पाठीवर तपासायची नळी लावून ऐकलं, आविल्दाला सगळं विचारून घेतलं, धुराचं कळल्यावर मान हलवली, आणि उद्या रस्ता खुला होताच रक्त तपासायला न्यायचं असं सांगितलं. मग तो कागद काढून लिहायला लागला.

"छातीतली ही शिटी कधीपासूनची?" त्याने वर न पाहता विचारलं.

आविल्दा उत्तर द्यायला पुढे झाली आणि थांबली. निल्सा तेयोकडे बघत होती.

"तीन वर्षं," तेयो म्हणाला. पोराने ते लिहून घेतलं. तेयो पुढे म्हणाला, "मला आज ऐकू आली. तेही लिहा."